टोपडं चोरायला आलेली बाई

सुतिकागृहात चोरी करायची असेल तर अंगात धाडस नसलं तरी चालतं, हातात डबा हवा. डबा घेऊन आलेल्या बाईला कोणी अडवत नाही. ती कोणाची तरी आई, मावशी, नणंद असणारच. पहिल्या खाटेवरच्यांना वाटतं ती दुसऱ्या खाटेची, दुसऱ्या खाटेवरच्यांना वाटतं ती तिसरीची. दाराशी स्टुलावर बसून मीही तेच समजत असे. आणि नजर ठेवण्याचा पगार तर मलाच मिळत होता.

जळगावात एका डॉक्टरीणबाईंचं सुतिकागृह होतं, तिथे मी आयाबाई होते. देश स्वतंत्र झाला त्याच्या आगेमागे लागले, हात थरथरायला लागले तेव्हा सुटले. माझा भाचा छापखान्यात आहे. तो म्हणाला, मावशी, दिवाळी अंकासाठी तुझ्या कामाचं काहीतरी लिही. मी म्हटलं, चौथी शिकलेल्या बाईचं कोण वाचणार? तो म्हणाला, बाळंतपणाच्या गमती लिही. बाळंतपणात गंमत नसते. ती चोऱ्यांमध्ये होती, म्हणून चोऱ्यांचं लिहिते.

पहिलं, लोक काय चोरतात ते सांगते. सोनं नाही. सोनं बाळंतिणीच्या अंगावर कोणी ठेवतच नसे. जायचे ते डिंकाचे लाडू, तुपाची बरणी, गोधडी, तांब्या, चपला. बाळंतिणीला माहेरून लाडवांचा डबा येतो. खारीक, खोबरं, डिंक, गावरान तूप. डबा खाटेखाली असतो आणि बाळंतीण झोपलेली असते. एकदा एका खाटेवरच्या सासूबाई शेजारच्या खाटेखालचा डबा ओढून सगळ्यांसमोर लाडू खाताना मला दिसल्या. मी म्हटलं, "आजी, तो डबा तुमचा नाही."

त्या म्हणाल्या, "माहीत आहे मला. आमच्यात इतकं कमी तूप घालत नाहीत."

आणि उरलेला अर्धा लाडू परत डब्यात ठेवून दिला. वर झाकणही लावलं.

एक जावई तिसरी मुलगी झाली म्हणून रागारागात निघाला आणि दाराशी काढलेल्या दुसऱ्याच्या कोऱ्या चपला घालून गेला. दुसऱ्या दिवशी त्याच चपला घालून आला. मालक दारातच उभा होता. म्हणाला, "भाऊ, या चपला माझ्या आहेत." जावयाने पायांकडे पाहिलं आणि म्हणाला, "असतील. मग माझ्या कुठे आहेत ते सांगा." अर्धा तास तो मालक या माणसाच्या जुन्या चपला शोधत होता.

वरणगावकडची एक बाई घरी जाताना आमचं बाळांना अंघोळ घालायचं पितळी घंगाळं घेऊन गेली. लपवून नाही. त्यात आपली लुगडी भरली, वरून गोधडी बांधली आणि मला म्हणाली, "आयाबाई, जरा हात लावता का?" मी हात लावून ते तिच्या डोक्यावर चढवलं. वर म्हटलं, जपून जा. संध्याकाळी पाणी तापलं तेव्हा घंगाळं सापडेना.

आता माझं काम सांगते. बाळ झालं की ते पुसायचं, गुंडाळायचं, आईच्या कुशीत द्यायचं. आईचं अंग चोळायचं, पोट बांधायचं. ओवा-शेपाची धुरी द्यायची, तीही डॉक्टरीणबाई राउंडला नसताना, कारण त्यांना धूर चालत नसे आणि बायकांना धुरीशिवाय चालत नसे. दुपटी धुवायची, वाळवायची. नळाचं पाणी सकाळी येई ते भरून ठेवायचं. आणि चार वाजता भेटीची वेळ झाली की दाराशी बसायचं. त्या वेळी सगळा वॉर्ड जत्रेसारखा भरे. कोणी भाकरी सोडतंय, कोणी बाळाचं नाक कोणावर गेलं यावर भांडतंय, कोणी रडतंय. दिवसभर अंग मोडून येई, पण चार वाजायची मी वाट पाहत असे. मला घरचं कोणी उरलं नव्हतं. सोळाव्या वर्षी नवरा गेला, सासरच्यांनी पोचवून दिली, माहेरी भावजयीचं राज्य. चार वाजता आलेल्या माणसांमध्ये बसलं की चार घरं आपली वाटत. यात रडण्यासारखं काही नाही. होतं तसं सांगितलं.

एका वर्षी उन्हाळ्यात चार वाजता एक बाई यायला लागली. पंचविशीची असेल, उंच, हाडापेराने मजबूत, नऊवारी कासोटा, हातात पितळेचा डबा. पहिल्या दिवशी माझ्यासमोरून आत गेली ती थेट मधल्या खाटेपाशी. तिथल्या बाईच्या केसांत गुंता झाला होता, हिने काही न बोलता फणी घेतली आणि विंचरायला बसली. मी समजले, बहीण असेल. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खाटेवरच्या म्हातारीचे पाय चेपत होती. मला वाटलं, दोन्ही घरांत नातं असेल. आमच्याकडे कोण कोणाचं लागत नाही?

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन बसली. डबा उघडला. कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत.

"खा व बाई," म्हणाली. "तुमी सगळ्याईले पाह्यता. तुमाले कोन पाह्यते?"

असं मला कोणी विचारलं नव्हतं. मी खाल्लं. भरीत भाजलेल्या वांग्याचं होतं, वर कांद्याची पात. विचारलं, गाव कोणतं? म्हणाली, असोदा. नाव कौतिक. शेतात केळी आहेत, कपाशी आहे, नवरा बैल आहे.

"बैल आहेत म्हण," मी म्हटलं.

"बैल बी हायेत," ती म्हणाली.

मी हसले. इतक्या दिवसांत मी हसले नव्हते असं नाही, पण घास तोंडात असताना हसले नव्हते.

मग ती रोजच माझ्यापाशी बसू लागली. मला दुपट्यांच्या घड्या करू लागे. कोणाचं पोर रडलं की आधी ती उठे. एक गोष्ट मला खटकली होती. तिच्या अंगाला मोगऱ्याचा वास येई, आणि केसांत तर फूल दिसत नसे. मी मनात म्हटलं, शौकीन दिसते. मोगरा बाई कशासाठी बांधते हे मला, आयाबाईला, त्या क्षणी कळायला हवं होतं. पण तिच्या डब्यातलं खाऊन मी सुस्तावले होते.

त्याच सुमारास कोपऱ्यातल्या खाटेवर सुमन नावाची मुलगी होती. धुळ्याकडची. तिला आई नव्हती. भाऊ जळगावात गिरणीत कामाला, म्हणून बाळंतपणाला इथे आली होती, आणि आठव्यातच मोकळी झाली. पोरगा तळहातावर मावेल एवढा. आठव्यातलं जगत नाही असं आमच्याकडे सगळे धरून चालतात. हे जगलं. रडायला जोर नव्हता, पण छातीला धरलं की सोडत नसे. तिची सासू धुळ्याहून धावत आली होती. सगळे तिला अक्का म्हणत. अक्का म्हणजे अहिराणीत फाडफाड बोलणारी, डॉक्टरीणबाईंनाही न घाबरणारी. तिचा नवरा त्याच वर्षी गेला होता. त्याच्या लाल फेट्याचा मऊ तुकडा फाडून तिने हाताने नातवाला टोपडं शिवलं होतं. त्या एवढ्याशा डोक्याला तेही मोठं व्हायचं, कपाळावर उतरायचं. पण अक्काला त्याचं काही वाटत नसे. आजोबांचा हात डोक्यावर आहे, म्हणे.

त्या दिवशी भेटीच्या वेळी अक्का खाली चहा आणायला गेली होती. मी सुमनच्या खाटेची चादर बदलत होते. बाळ कौतिकच्या मांडीवर होतं. मीच दिलं होतं. ती म्हणाली, "टोपडं ओलं झालं व बाई. उनात टाकते."

मी म्हटलं, "हो, टाक."

तिने बाळ सुमनच्या कुशीत दिलं, टोपडं हातात घेतलं, डबा उचलला आणि निघाली. दारातून वळून माझ्याकडे पाहिलं, मान हलवली. मीही हलवली.

अक्का आली आणि तिने नातवाचं डोकं उघडं पाहिलं.

"मना नातूनं टोपडं कोठे गये?"

मी म्हटलं, वाळत टाकलंय. दोरीवर पाहिलं, गच्चीवर पाहिलं. मग मी मधल्या खाटेवर विचारलं, तुमची कौतिक कुठे गेली? ते म्हणाले, आमची कुठली? आम्हाला वाटलं दुसऱ्या खाटेची. दुसऱ्या खाटेची म्हातारी म्हणाली, आम्हाला वाटलं तुझी बहीण आहे, आयाबाई. रोज एका डब्यात जेवता.

सगळ्या वॉर्डने माझ्याकडे पाहिलं. मला लाज वाटली नाही, राग आला. घंगाळं गेलं तेव्हाही इतका आला नव्हता.

आता बाहेरच्या माणसाला हसू येईल. एक टोपडं, त्यात काय? पण बाळाच्या अंगावरून उतरलेलं कापड कोणी नेलं तर बाळाचं आयुष्य त्याबरोबर जातं, असं बायका मानत. कापड नेणारी मूल मेलेली किंवा वांझ असेल तर मग बोलायलाच नको. सुमनने हे ऐकलं आणि ती पांढरी पडली. रात्रीपर्यंत काही झालं नाही. सकाळी पोराला छातीला धरलं तर दूध नाही. भीतीने आटलं. डॉक्टरीणबाई तिच्याशी गोड बोलल्या, रागावल्या, शेवटी तिच्याजवळ बसून राहिल्या. उपयोग झाला नाही. कापसाच्या बोळ्याने वरचं दूध पाजलं, ते पोराने ओकून टाकलं. बाहेर वैशाखाची झळ. खिडकीला वाळ्याचे पडदे लावून मी त्यावर पाणी मारत होते, आणि आत ते पोर वाळत चाललं होतं.

वॉर्डात दुसऱ्या दूध असलेल्या बायका होत्या. मी प्रत्येकीपाशी गेले. एकीने तोंड फिरवलं. दुसरी रडायला लागली, म्हणाली, आयाबाई, मला दोष देऊ नका, पण हे लागलेलं पोर आहे, ते छातीला लावलं तर माझ्याचं काय? तिची सासू मध्ये आली आणि पदर ओढून बसली. मी कोणाला दोष दिला नाही. माझं पोर असतं तर मी दिलं असतं का, मला माहीत नाही.

अक्का मला म्हणाली, "बाई, तू माले तिनं घर दाखाड. मी तिना झिंज्या उपटस."

मी म्हटलं, तुम्ही नातवापाशी बसा, मी जाते.

डॉक्टरीणबाईंना सांगून असोद्याला चालत गेले. वाटेत केळीच्या गाड्या समोरून येत होत्या. कौतिकचं घर सापडायला वेळ लागला नाही. पोरं जगत नाहीत ती का, असं एका बाईने विचारलं आणि बोट दाखवलं. तेव्हा मला निम्मं कळलं. उरलेलं ओट्यावर कळलं. ती सरकी निवडत बसली होती. मला पाहून उठली नाही, घाबरली नाही. फक्त पदर छातीवरून घट्ट ओढून घेतला. चोळी ओली होती. मोगऱ्याची फुलं दूध आटावं म्हणून बांधतात. तरी तिचं आटत नव्हतं.

"टोपडं दे," मी म्हटलं.

"नाही देत."

"चोर आहेस तू."

"हाये," ती म्हणाली. "चोरलं म्हनूनच नाही देत. तीन डाव मांगून आनलं, बाई. भाऊबंदाईत गेली, पदर पसरला, जगलेल्या लेकराईचे आंगडे मांगून आनले. तिन्ही गेले. हे शेवटचं, बारसं बी नाही झालं. मंग एक म्हतारी म्हने, मांगलेलं लागू नाही पडत. चोरलेलं लागते. देनाऱ्याच्या मनात राह्यलं का कापडाचा जीव त्याच्याकडेच राह्यते."

"मग माझ्याच वॉर्डातलं सापडलं तुला? आणि त्या एवढ्याशा पोराचं?"

"ते आठव्यातलं हाये. तरी जगलं. त्याच्या एवढा चिवट जीव कोनाचा हाये तिथी?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. चोरी करायची तर अक्कल लावून केली होती. कितीतरी दिवस खाटाखाटांवर बसून तिने पोरं पारखली होती, आणि मला वाटत होतं ती माझ्यासाठी येते.

आतून तिची सासू ओरडली, कोण आहे? कौतिक म्हणाली, दवाखान्याची बाई, औषधाचं सांगायला आली. मग हळूच मला म्हणाली, "घरात दुसरी आनायचं चाल्लंय. या पावसाळ्यात पोट नाही राह्यलं तर मी कोठी जाऊ, सांग."

मी कुठे गेले होते ते मी तिला सांगू शकले असते. सांगितलं नाही. मी म्हटलं, "ते पोर काल सकाळपासून उपाशी आहे. आईचं दूध गेलंय. वॉर्डातली एकही बाई त्याला जवळ घेत नाही. परवापर्यंत राहणार नाही. तुझी गेली म्हणून दुसरीचं घालव."

हे बोलायला नको होतं असं लोक म्हणतील. बोलले. ती सरकीचं सूप उचलून आत गेली आणि दार लावून घेतलं. मी हात हलवत परत आले.

दुसऱ्या दिवशी चार वाजले. भेटीला आलेली माणसं सुमनच्या खाटेपासून लांब बसली होती. अक्का पोराच्या तोंडात बोटाने पाण्याचा थेंब सोडत होती, तो ओठावरच राहत होता. मी स्टुलावर होते. कौतिक समोरून आली. हातात डबा, डोईवर पदर, नेहमीची चाल. माझ्याकडे पाहिलं नाही. मी उठेपर्यंत ती कोपऱ्यात पोचलीसुद्धा. तिने अक्काच्या हातातून पोर उचललं. विचारलं नाही, काही नाही. आपलंच उचलावं तसं. मला वाटलं, आता पोरच घेऊन चालली. मी धावले.

ती खाली फरशीवर भिंतीला टेकून बसली, कमरेला खोचलेलं लाल टोपडं काढून पोराच्या डोक्याला घातलं आणि त्याला पदराखाली घेतलं.

अक्काने टोपडं पाहिलं. तिचा हात वर गेला.

"तू कोननी शे व?"

"असोद्याची."

"जात काय तुनी?"

"तुमचीच समजा, अक्का."

"ही चोर शे," अक्का माझ्याकडे वळून ओरडली. "हीच चोर शे."

तेवढ्यात पदराखालून आवाज आला. चुरूचुरू. ज्याने ऐकलाय त्याला तो आवाज सांगावा लागत नाही. वर केलेला हात अक्काने खाली घेतला आणि आपल्याच गुडघ्यावर ठेवला.

"पिऊ दे तेले," ती म्हणाली. "मंग दखसू हिले."

मग काही तिने पाहिलं नाही. पोर पिऊन झोपलं तेव्हा कौतिकचे डोळे मिटलेले होते. मी म्हटलं, दे इकडे, पाय आखडले असतील. तिने दिलं नाही. भेटीची वेळ संपली तरी मी घंटा दिली नाही.

त्यानंतर ती रोज येऊ लागली, सकाळी आणि चार वाजता. असोद्याहून पायी. घरी काय सांगून येत होती कोण जाणे. डॉक्टरीणबाईंनी एकदा तिला तपासलं, हात धुवायला लावले, आणि माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाल्या, "हिला रोज पेलाभर दूध देत जा." अक्का पहिले दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सुमनच्या डब्यातला डिंकाचा लाडू काढून तिच्यापुढे टाकला, म्हणजे फेकलाच.

"खाय. तुले नही, मना नातूले शे."

कौतिक म्हणाली, "तूप कमी हाये, अक्का."

अक्काने तिला शिवी दिली आणि दुसरा लाडू दिला.

पोर पितंय हे पाहून सुमनची भीती गेली, आणि भीती गेल्यावर दूध परतलं. असं होतं. मी पुढेही पाहिलं. मग एका छातीवरून दुसऱ्या छातीवर असं ते पोर वाढलं. गालांवर मांस आलं. टोपडं कपाळावरून वर सरकलं. कौतिकच्या अंगाला आता मोगऱ्याचा वास येत नसे, दुधाचा येई. चार वाजता ती पोराला घेऊन माझ्या स्टुलाशेजारी बसे. आम्ही फारसं बोलत नसू. एकदा म्हणाली, "बाई, तुमाले लेकरू नाही?" मी म्हटलं, नाही. "मंग इतक्याईचे कसे उचलता?" मी म्हटलं, खाली ठेवायचं असतं म्हणून उचलता येतं. तिने पोराला पदराखाली आणखी जवळ ओढलं. म्हणाली, "मले नाही जमत."

घरी जायचा दिवस ठरला. अक्काने कौतिकसाठी लुगडं-चोळी आणली. कौतिकने लुगड्याला हात लावला नाही. अक्का म्हणाली, तर मग काय पाहिजे ते माग. कौतिकची नजर कुठे आहे ते सगळ्यांना दिसत होतं. सुमन म्हणाली, "सासूबाई, टोपडं देऊन टाका तिला. मला आता काही वाटत नाही."

"देलेलं लागत नाही," कौतिक म्हणाली. "राहू द्या."

अक्का तिच्याकडे बघत राहिली. मग तिने सुनेच्या हातातून नातू घेतला, त्याच्या डोक्याचं टोपडं काढलं आणि खिडकीत उन्हात ठेवलं. नातवाला पदराने झाकलं. सुनेला म्हणाली, चल, टांगा उभा आहे. दाराशी येऊन माझ्याजवळ थांबली आणि सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाई, ध्यान ठेव बरं. खिडकीमा मना नातूनं टोपडं वाळी ऱ्हायनं. आठे सगळा चोर शेतस."

मी म्हटलं, "ठेवते."

त्या दोघी जिना उतरल्या. मी खिडकीकडे पाठ केली आणि सुमनच्या खाटेची गोधडी घडी करायला घेतली. गोधडी मोठी होती. चार पदरी केली, मनासारखी बसली नाही, उलगडून परत केली. इतर खाटांवरच्या बायका छताकडे पाहत होत्या. दुसऱ्या खाटेवरची म्हातारी, जिने चोरीच्या दिवशी मला टोमणा मारला होता, ती तोंड भिंतीकडे करून घोरायला लागली. मी वळले तेव्हा खिडकी मोकळी होती आणि दारात कोणी नव्हतं.

ही गोष्ट ऐकली की बायका विचारतात, मग पुढे तिला झालं का मूल? मला माहीत नाही. असोदा लांब नव्हतं. जाऊन दारात उभी राहिले असते तर दोरीवर दुपटी दिसली असती, किंवा नसती दिसली. नसती दिसली तर मी तिला काय म्हणणार होते? बाजारात असोद्याच्या बायका केळी, वांगी घेऊन बसत. विचारावं असं जिभेवर येई. मी वांग्याचा भाव विचारत असे आणि पुढे जात असे.

ती परत आली नाही. आली असती तर एकाच कामासाठी आली असती, म्हणजे ते टोपडंही लागू पडलं नाही असं समजायचं. म्हणून चार वाजले की मी दाराकडे पाहत असे, ती नसावी म्हणून. डबा घेतलेली प्रत्येक उंच बाई मी आधी पायांपासून वर पाहिली, चेहऱ्यापर्यंत जायला वेळ लावला. ती नसे. मला बरं वाटे. मग घंटा द्यायची वेळ होई, माणसं निघून जात, आणि मी माझा डबा उघडून एकटी जेवत असे.